रोटेनबुर्ग कसं पाहावं: सुरुवात तटावर, शेवट खोऱ्यात

रोटेनबुर्ग ओब डेअर टाउबरचा नकाशा उघडला की गडकोटांवर फिरलेल्या माणसाच्या एक गोष्ट चटकन लक्षात येते. गावाच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण अंगाला जाड तट, एकामागून एक बुरूज, खंदकाच्या खुणा. पश्चिमेला मात्र सगळं हलकं. कारण पश्चिमेला टाउबर नदीचं खोरं आहे आणि गाव त्याच्या काठावर साठेक मीटर उंचीवर बसलेलं आहे. कडा जिथे राखण करतो तिथे दगड कशाला वाया घालवायचे? इथून सुरुवात केली तर रोटेनबुर्ग समजतं. रंगीत घरांपासून सुरुवात केली तर फोटो मिळतात.

जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या पश्चिम कडेला असलेलं हे जेमतेम ११ हजार वस्तीचं गाव. ११४२ मध्ये होहेनश्टाउफेन घराण्याच्या कोनराड तिसऱ्याने खोऱ्याच्या टोकावर किल्ला बांधला आणि त्याच्या आधाराने वस्ती वाढली. १२७४ मध्ये गावाला मुक्त साम्राज्यनगरीचा दर्जा मिळाला, म्हणजे वरती थेट सम्राट, मध्ये कुणी सरदार-जहागीरदार नाही. पुढे तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) गाव लुटलं गेलं, प्लेग आला, व्यापार आटला. जुनी घरं पाडून नव्या धाटणीची बांधायला कुणाच्या गाठीला पैसा उरला नाही. लोहमार्ग १८७३ मध्ये आला तोही श्टाइनाखहून काढलेला फाटा. मग चित्रकार आले, त्यांच्यामागून प्रवासी.

त्यानंतरची एक तारीख पाहायला जाण्यापूर्वी पाठ हवी: ३१ मार्च १९४५, ईस्टरच्या आदला दिवस. अमेरिकी विमानांनी गावाच्या पूर्व भागावर बाँब टाकले. ३०० हून अधिक घरं, नऊ बुरूज आणि तटाची सहाशे मीटरांवर लांबी कोसळली. जवळपास ४० माणसं मेली. जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. आज तुम्ही स्टेशनवरून आत शिरता तोच हा भाग, आणि तो पुन्हा उभारलेला आहे. त्यामुळे इथे प्रत्येक भिंतीसमोर एकच प्रश्न विचारत राहायचा: हे जुनं, की जुन्याच्या जागी बांधलेलं? पुढचा क्रम ह्या प्रश्नाची उत्तरं मिळत जातील अशा बेताने लावला आहे.

किती वेळ, कोणत्या दिवशी

एक रात्र मुक्काम धरा. ही चैन समजू नका, सगळा बेत तिच्यावर उभा आहे. सहलीच्या बसगाड्या साधारण साडेदहापासून येतात आणि चार-साडेचारपर्यंत निघून जातात. मधल्या वेळेत बाजारचौक आणि प्लोनलाइन हा तिठा ह्या दोन जागी पाय ठेवायला जागा नसते. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर तेच रस्ते जवळजवळ रिकामे असतात. म्हणून मोकळ्या जागा (तट, बाग, चौक, गल्ल्या) सकाळ-संध्याकाळ पाहायच्या आणि तिकिटाच्या, छपराखालच्या जागा दुपारी. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं.

एप्रिल ते ऑक्टोबर बहुतेक सगळं उघडं असतं. नोव्हेंबरच्या शेवटापासून २३ डिसेंबरपर्यंत नाताळचा बाजार, राइटरलेसमार्क्ट, भरतो. तेव्हा गाव देखणं दिसतं, पण शनिवार-रविवारी गर्दी तुडुंब आणि खोल्यांचे भाव चढे. जानेवारी-फेब्रुवारीत लहान संग्रहालयं बंद किंवा दोनचार तासच उघडी असतात, तटावर बर्फ साचून लाकूड निसरडं होतं, पण शांतता हवी असेल तर तीच वेळ. पेंटेकोस्टच्या (जर्मनीत फिंग्स्टेन, ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी) सुट्टीत गावकरी जुन्या वेषात ऐतिहासिक नाटक आणि मिरवणूक करतात. ते पाहायचं नसेल तर ते दिवस टाळा, कारण खोली कित्येक महिने आधी घ्यावी लागते.

गाडी पकडताना होणाऱ्या चुका

पहिली चूक नावाची. जर्मनीत रोटेनबुर्ग एकच नाही. व्युम्मे नदीवरचं रोटेनबुर्ग उत्तरेला ब्रेमेनजवळ आहे, फुल्डा नदीवरचं हेसेन राज्यात. तिकीट काढताना ‘ओब डेअर टाउबर’ हे शेपूट दिसलंच पाहिजे. गाडी बदलायचं स्टेशन श्टाइनाख, त्याचंही तेच. थुरिंगेनमध्ये आणि ब्लॅक फॉरेस्टमध्ये आणखी श्टाइनाख आहेत. तुम्हाला हवं ते ‘बाय रोटेनबुर्ग’.

फ्रँकफुर्टहून यायचं तर वेगवान गाडीने व्युर्त्सबुर्ग (सव्वा तासाच्या आसपास), तिथून स्थानिक गाडीने श्टाइनाख (पाऊण तास), आणि तिथून फाट्यावरच्या छोट्या गाडीने रोटेनबुर्ग, १४ मिनिटं. न्युर्नबर्गहून आन्सबाखमार्गे श्टाइनाख. सगळं जमून आलं तर सव्वा ते दीड तास. म्युनिकहून अडीच-तीन तास. फाट्यावरची गाडी साधारण तासाला एक असते. आधीची गाडी दहा मिनिटं उशिरा आली आणि ही सुटली की श्टाइनाखच्या फलाटावर तासभर बसा. तिथे फारसं काही मिळत नाही, तेव्हा पाणी आणि खाऊ जवळ ठेवा. डॉइचं बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या ॲपवर गाडीशेजारी ‘शीनेनएरझात्सफेरकेअर’ असा लांबलचक शब्द दिसला तर रुळाचं काम चालू आहे आणि त्या टप्प्यावर बस मिळेल. ती फलाटावर येत नाही, स्टेशनबाहेरच्या थांब्यावर येते.

तिकिटांचं गणित असं. दोन ते पाच जण बायर्नमधूनच निघत असाल तर बायर्न-तिकीट स्वस्त पडतं. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच लागू होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं, आणि फक्त स्थानिक गाड्यांत. वेगवान आयसीईमध्ये ते चालत नाही आणि तपासनीस सबबी ऐकत नाही. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहावी लागतात. महिनाभर जर्मनीत असाल तर डॉइचलांड-तिकीट बघा. २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे. पण ते वर्गणीसारखं आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. पाहुणे म्हणून आलेले आईवडील भारतात परतल्यावरही त्यांच्या नावाचं तिकीट चालूच राहतं ते ह्यामुळे.

आयसीईचं सवलतीचं तिकीट काढलं असेल तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि पुढची कोणतीही गाडी घेता येते. ॲपवरच्या उशिराचा फोटो काढून ठेवा.

स्टेशनबाहेर डावीकडे बानहोफश्ट्रासं, मग उजवीकडे आन्सबाखर श्ट्रासं, की दहा मिनिटांत समोर र्‍योडरटोर, म्हणजे पूर्व दरवाजा. चाकांची बॅग असेल तर पुढे हाल आहेत. आत सगळीकडे दगडी फरसबंदी, चाकं अडकतात आणि आवाज गल्लीभर घुमतो. पाठीवरची पिशवी बरी. मोटारीने आलात तर ती तटाबाहेरच्या वाहनतळांवर ठेवा.

तट: र्‍योडरटोर ते क्लिंगनटोर

तटावर जायला पैसे नाहीत, दरवाजा नाही, वेळेचं बंधन नाही. प्रत्येक मोठ्या वेशीपाशी आतल्या बाजूने दगडी जिना वर जातो. चालता येणारी लांबी सुमारे अडीच किलोमीटर. ह्या तटावरच्या वाटेला आपल्याकडचा अगदी नेमका शब्द आहे: फांजी. फरक इतकाच की इथल्या फांजीवर कौलारू छप्पर आहे, पाऊस-बर्फापासून पहारेकरी आणि बंदुकीची दारू दोन्ही कोरडी राहावीत म्हणून. बाहेरच्या अंगाला जंग्या (बंदुका रोखायच्या फटी) असलेली भिंत, आतल्या अंगाला लाकडी कठडा आणि खाली लोकांची परसं. वाट बऱ्याच ठिकाणी एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. छपराच्या तुळया खाली आहेत. पावणेसहा फुटांच्या वर उंची असेल तर डोकं सांभाळा. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची इथे चालणार नाही. आणि ही मंडळी खाली खरोखर राहतात, त्यांच्या खिडक्यांवर कॅमेरा रोखू नका.

र्‍योडरटोरला वर चढून आधी आतल्या भिंतीकडे पाहा. नावं कोरलेले शेकडो दगड दिसतील, पुढे मीटरचा आकडा. युद्धानंतर तट उभा करायला जगभरातल्या लोकांनी मीटरमागे देणगी दिली, ती ही नावं. त्यांत जपानी नावं पुष्कळ आहेत. आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं: हे दगड जिथे दाटीने दिसतात तो बहुतांशी पुन्हा बांधलेला भाग. वरून आत पाहिलं तर घरांतही तोच फरक दिसतो. पूर्वेकडच्या घरांची छपरं जुन्याच उताराची, पण भिंती साध्या, गिलावा सपाट, खिडक्या ओळीत. नव्याने बांधताना जुन्या घरांच्या हुबेहूब नकला केल्या नाहीत. उंची, उतार आणि गल्लीची रेघ तेवढी जपली. दक्षिणेकडे थोडं वळून गेरलाखश्मीड ही लोहाराची उभट छपराची घरकुलवजा इमारत दिसते. गावातल्या सगळ्यात जास्त फोटो निघणाऱ्या घरांपैकी हे एक. तेही १९४५ मध्ये पडलं होतं.

र्‍योडरटुर्म हा वेशीवरचा बुरूज चढता येतो, वर बाँबवर्षावाची चित्रं आणि माहिती आहे. पण तो हंगामातच उघडतो, तेही हवा बरी असेल तेव्हा. उघडा दिसला तर लगेच चढा, ‘नंतर येऊ’ म्हणू नका.

आता उत्तरेकडे चालत राहा. मध्ये गाल्गेनटोर लागतं, म्हणजे फाशीची वेस. गुन्हेगारांना इथून बाहेर नेत. एखाददुसऱ्या ठिकाणी खाली उतरून पुन्हा चढावं लागेल. रमतगमत पाऊण तासात क्लिंगनटोर. इथे थांबून बाहेरच्या बाजूला जा, कारण इथलं वोल्फगांग चर्च फार कमी लोक नीट बघतात. ते १४७५ ते १४९३ च्या दरम्यान मेंढपाळांसाठी बांधलं. आतून ते देवालय आहे, पण त्याची उत्तर भिंत हीच तटाची भिंत, आणि तिच्यात खिडक्यांच्या जागी जंग्या. खाली तळघरात तोफांच्या जागा. शेजारचा क्लिंगनटुर्म पुढे पाण्याच्या टाकीसाठी वापरला गेला. गावाला पाणी इथून मिळे. उत्तरेचा हा कोपरा बाँबांतून बराचसा वाचला आहे, म्हणजे इथला दगड खरोखर त्या काळचा.

याकोब चर्च: घाईत चुकतं ते वरच्या मजल्यावर असतं

क्लिंगनटोरवरून खाली येणारी क्लिंगनगास थेट एका कमानीतून जाते आणि ती कमान म्हणजे चर्चचं पोट. १३११ मध्ये सुरू झालेलं याकोब चर्च पुरं व्हायला १४८४ उजाडलं. पश्चिमेकडे वाढवताना रस्ता मध्ये आला, तर रस्ता न हलवता वरून चर्च बांधलं. आत जायला थोडं तिकीट आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पाहायला जाऊ नका. हे १५४४ पासून प्रॉटेस्टंट चर्च आहे.

आत शिरल्यावर लोक समोरच्या मुख्य वेदीकडे जातात, बारा प्रेषितांची वेदी (वेदीवर उभी केलेली, दोन्ही बाजूंना दारांसारखे पंख असलेली चौकट) पाहतात आणि बाहेर पडतात. तीही बघण्यासारखी आहे. फ्रीडरिश हेरलिनने १४६६ मध्ये रंगवलेल्या फळ्यांच्या मागच्या बाजूला सेंट याकोबच्या कथा आहेत, आणि त्यांतल्या एका चित्रात रोटेनबुर्गचा बाजारचौक दिसतो, १५०१ च्या आगीत जळण्याआधीच्या नगरभवनासह. त्याच मालिकेत भाजलेल्या कोंबड्या ताटातून उठून उडून जातात ती चमत्काराची गोष्टही आहे.

पण ज्यासाठी यायचं ते मागे, पश्चिमेकडे, जिना चढून, ऑर्गनच्या पाठीमागे. टिलमान रीमेनश्नायडरची पवित्र रक्ताची वेदी. लाकडी चौकट सुतार एर्हार्ट हार्शनरची, शिल्पं रीमेनश्नायडरची. काम १५०५ च्या सुमारास पुरं झालं. वेदीच्या वरच्या क्रुसात स्फटिकाच्या कुपीत येशूचं रक्त असल्याची श्रद्धा, आणि त्या अवशेषासाठी यात्रेकरू येत. शिल्पं लिंडेन लाकडातली. त्या काळचा रिवाज सोडून त्यांवर सोनं-रंग चढवला नाही, त्यामुळे सगळा भार उजेड आणि सावलीवर आहे. चौकटीच्या पाठीला काचा आहेत, मागून उजेड झिरपतो. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलला की आकृत्या उठून दिसतात. दुपारी तीन-चारची वेळ म्हणूनच सांगतो आहोत.

मध्यभागी शेवटचं भोजन. येशू मध्यभागी असेल अशी आपली अपेक्षा. इथे मध्यभागी उभा आहे यहूदा, हातात पैशाची थैली, आणि येशू बाजूला बसून त्याला घास देतो आहे. घात करणाऱ्याला मधोमध उभं करण्याचं धाडस ह्या कलाकाराने दाखवलं. यहूदाची मूर्ती सुटी आहे, काढता येते. ती काढली की येशूच्या मांडीवर डोकं ठेवलेला योहान पूर्ण दिसतो. हात पाहा: प्रत्येक प्रेषिताच्या हातांच्या शिरा आणि बोटं वेगळी आहेत. रीमेनश्नायडर पुढे व्युर्त्सबुर्गचा नगराध्यक्षही झाला आणि १५२५ च्या शेतकरी उठावानंतर त्याला तुरुंग आणि छळ भोगावा लागला. इथे किमान २० मिनिटं द्या. आधी लांबून, मग जवळून, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या पंखांवरची उथळ शिल्पं: डावीकडे येरुशलेमप्रवेश, उजवीकडे जैतुनाचा डोंगर.

बाजारचौक

नगरभवन म्हणजे दोन इमारती. मागची गॉथिक, १३ व्या शतकात सुरू झालेली. पुढची रेनेसाँस धाटणीची, १५७२ नंतरची, आगीत गेलेल्या भागाच्या जागी. बाजूने उभं राहिलं तर दोन छपरांमधली फट स्पष्ट दिसते. गॉथिक भागावरचा मनोरा चढता येतो, २२० पायऱ्या, शेवटी शिडीसारखा उभा जिना आणि मांजरासारखं शिरावं लागेल एवढी खिडकी. वरची गॅलरी इतकी अरुंद की थोड्याच माणसांना सोडतात. पाठपिशवी पुढे घ्या, गुडघे दुखत असतील तर जाऊच नका. वरून मात्र आपण चाललेला सगळा तट एका नजरेत दिसतो.

शेजारच्या राट्सट्रिंकश्टुबवर, म्हणजे नगरसभेच्या जुन्या मद्यगृहावर, तासाच्या ठोक्याला दोन खिडक्या उघडतात आणि बाहुल्या हलतात. एक तीस वर्षांच्या युद्धातला कॅथलिक फौजेचा सेनापती टिली, दुसरा माजी नगराध्यक्ष नुश. आख्यायिका अशी की १६३१ मध्ये टिलीने गाव जाळू नये म्हणून नुशने सव्वातीन लिटर वाइन एका दमात प्यायली. आख्यायिकाच ती, तिच्यावरचं नाटक १८८१ मध्ये पहिल्यांदा झालं आणि बाहुल्या १९१० मध्ये बसवल्या. त्यासाठी अर्धा तास ताटकळू नका. चौकात असाल आणि ठोका पडला तर मान वर करा, एवढंच.

त्यापेक्षा मार्कुसटुर्मकडे जाऊन रस्त्यांची वळणं पाहा. मार्कुसटुर्म आणि उत्तरेचा वाइसर टुर्म हे बाराव्या शतकातल्या पहिल्या, लहान तटाचे बुरूज. गाव वाढलं तसा तट बाहेर सरकला आणि जुना खंदक बुजवून त्यावर घरं बांधली. आल्टर श्टाटग्राबेन, म्हणजे ‘जुना खंदक’, ही गल्ली म्हणूनच धनुष्यासारखी वळते. तिथेच १२७० च्या सुमाराचं कारागिराचं घर आहे. आत ११ लहान खोल्या, छत डोक्याला टेकणारं. तट बघून झाल्यावर आत राहणाऱ्याची सोय कशी होती हे पाहायला हे घर पुरेसं आहे.

बुजवलेल्या खंदकावरच यूडनगास, म्हणजे ज्यूंची गल्ली, वसली. रोटेनबुर्गमध्ये तेराव्या शतकात रब्बी मेइर बेन बारुख शिकवत. ज्यू धर्मशास्त्रात आजही त्यांचे निवाडे दाखल्याला घेतात. ज्या राजा रूडोल्फने गावाला सनद दिली त्यानेच त्यांना कैद केलं, आणि १२९३ मध्ये ते कैदेतच वारले. देह सोडवायला खंडणी द्यावी लागली, त्यात १४ वर्षं गेली. १२९८ मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली, १५२० मध्ये उरलेल्यांना हाकललं, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये पुन्हा एकदा. नाझींनी ह्या गावाला आदर्श जर्मन गाव म्हणून मिरवलं, हे त्याच गल्लीत उभं राहून लक्षात ठेवायला हवं. वाइसर टुर्मशेजारच्या बागेत मध्ययुगीन थडग्यांच्या दगडांच्या प्रतिकृती आहेत.

हेरनगास, किल्ल्याची बाग आणि खोरं

चौकातून पश्चिमेला हेरनगास. श्रीमंतांची रुंद गल्ली, डावी-उजवीकडे दगडी वाडे. फ्रान्सिस्कन चर्च इथेच. रीमेनश्नायडरचं त्याआधीचं काम आत आहे. गल्लीच्या टोकाला बुर्गटोर. ह्या वेशीच्या मोठ्या दारात माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार आहे. जर्मनमध्ये त्याला सुईचं नेढं म्हणतात. आपण दिंडी दरवाजा म्हणू. रात्री वेस बंद झाल्यावर उशिरा आलेल्याला तिथून आत घेत, आणि वाकून येणाऱ्यावर तलवार सहज चालवता येई. वरच्या मुखवट्याच्या तोंडातून उकळतं डांबर ओतायची सोय होती.

आत किल्ला शोधू नका, तो नाही. १३५६ च्या भूकंपात तो कोसळला असं सांगतात आणि दगड गावाच्या कामी आले. उरली ती ब्लासिउस चॅपल आणि बाग. बागेच्या कठड्यावरून दक्षिणेला गाव, खाली नदी आणि दुमजली कमानींचा पूल दिसतो. तोही १९४५ मध्ये उडवला गेला आणि नंतर बांधला. इथे सूर्यास्ताच्या तासभर आधी या.

खाली उतरायला अर्धा तास, वर यायला दम. पायात पकडीचे बूट हवेत. पानगळीत ओल्या पानांनी वाट घसरते. नदीकाठी टोप्लरश्लोसखेन लागतं: १३८८ मधलं, दगडी जोत्यावर घर ठेवावं तसं दिसणारं नगराध्यक्ष टोप्लरचं घरकुल. फार वरचढ झालेला हा माणूस १४०८ मध्ये नगरभवनाच्या तळघरातल्या कोठडीत मेला. त्या कोठड्या चौकात तिकीट काढून पाहता येतात. नदीच्या कडेने उत्तरेला देटवांग गाव आहे, तिथल्या जुन्या छोट्या चर्चमध्ये रीमेनश्नायडरची आणखी एक वेदी. ती मूळ दुसऱ्या जागेसाठी घडवलेली. इथे बसवताना जागा अपुरी पडली म्हणून तिच्या कडा कापल्या, आणि ती कापाकापी आजही दिसते.

प्लोनलाइन आणि श्पिटाल

प्लोनलाइन म्हणजे रस्त्याला फुटलेले दोन फाटे, मध्ये पिवळं तिरकं घर, डावीकडे वरती झीबर्सटुर्म, उजवीकडे खाली कोबोल्त्सेलर टोर. सकाळी आठच्या आत जा. पाच मिनिटांत फोटो होतो. मग सगळे परततात तिथून तुम्ही झीबर्सटुर्मखालून पुढे जा. हा दक्षिणेचा लांबट भाग म्हणजे श्पिटाल, जुनं रुग्णालय आणि धर्मशाळा. गावाच्या बाहेर होता, नंतर तटात घेतला. आकारामुळे लोक त्याला टोपीचं टोक म्हणतात. शेवटी श्पिटालबास्टाय. आठच्या आकड्यासारख्या दोन गोल बुरुजांतून वळत जाणारा, एकामागून एक दरवाजांचा रस्ता. शत्रूची फळी सरळ आत येऊ नये म्हणून आपल्याकडे जिभीने (दरवाजापुढच्या आडभिंतीने) जे साधलं तेच इथे. कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय: येणाऱ्याला शांती, जाणाऱ्याला क्षेम. वरच्या मजल्यावर जुन्या तोफा आहेत. इथूनच पुन्हा तटावर चढून र्‍योडरटोरला परतता येतं आणि फेरी पुरी होते.

संग्रहालयं तशी थोडी. मध्ययुगीन गुन्हेगारी संग्रहालयाला दीड-दोन तास द्या. नावावरून वाटतं तेवढं ते छळाच्या हत्यारांपुरतं नाही, कायद्याचा इतिहास तिथे नीट मांडला आहे. लोखंडी कुमारिका म्हणून जे दाखवतात त्याचे खिळे नंतरच्या काळात बसवलेले, हे तिथल्या पाटीवरच वाचा. लहान मुलांना सगळं दाखवू नका. डोमिनिकन मठातल्या नगरसंग्रहालयात मठाचं जुनं स्वयंपाकघर जसंच्या तसं आहे.

खाणं आणि सुटे पैसे

श्नेबालेन हा गोड गोळा गावभर मांडलेला दिसेल. पिठात अंडं, लोणी, साय आणि बहुधा थोडी आलुबुखाऱ्याची दारू; पोळी लाटून कातून पट्ट्या करतात, काठीवर सैल गोळा करून गोल साच्यात तळतात. चव मोठ्या शंकरपाळ्याच्या वळणाची. चॉकलेट-पिस्त्याचे सोडा, पिठीसाखरेचा एक घ्या, चौघांत पुरतो. शाकाहारी असाल तर केजेश्पेट्झले (चीजमधल्या शेवया, अंडं असतं) बहुतेक ठिकाणी मिळतं. ‘ओने श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे न घालता, असं आवर्जून सांगा, नाहीतर वरून पेरतात. सूप बहुधा मांसाच्या रश्श्यावर असतं. तळणीचं तेल कोणतं हे विचारायला लाजू नका. ‘रूहेटाग’ ही पाटी म्हणजे आज साप्ताहिक सुट्टी. रविवारी स्मरणवस्तूंची दुकानं उघडी असतात, किराणा बंद. शनिवारी संध्याकाळीच दूध-फळं घ्या. मनोरा, लहान संग्रहालयं, शौचालयं ह्यांसाठी नाणी हवीत, कार्ड सगळीकडे चालत नाही.

रात्री आठला बाजारचौकात हातात कंदील आणि भाला घेतलेला पहारेकरी इंग्रजीत तासभराची फेरी घेतो, साडेनऊला जर्मनमध्ये. आधी नाव नोंदवायचं नसतं, फक्त वेळेवर उभं राहायचं आणि शेवटी रोख पैसे द्यायचे. फेरी संपते तेव्हा परतीचे पर्याय फार उरलेले नसतात आणि श्टाइनाखला जोडगाडी चुकली तर रात्र फलाटावर. मुक्काम असेल तर मात्र फेरीनंतर पुन्हा तटावर चढा. आत उजेड कमी असतो, मोबाइलचा टॉर्च हवा. जंग्यांतून बाहेर बघायचं आणि पायाखालच्या लाकडाचा आवाज ऐकायचा. त्या वेळी वर बहुधा दुसरं कुणी नसतं.